लाल पेन्सिलीचा हंगाम

सुपरमार्केटकडे वळताना जो चौक लागतो, तिथे नगरपालिकेनं परवा पुन्हा ती लांबलचक फळी उभी केली. दर निवडणुकीला ती येते आणि सगळ्या पक्षांची पोस्टरं तिच्यावर शिस्तीत, एकमेकांना न खेटता चिकटवली जातात. नेदरलँड्समधल्या आमच्या या कापेल आन डेन आयसेल गावात प्रचार म्हणजे साधारण एवढाच. रिक्षावर भोंगा नाही, पदयात्रा नाही, गल्लीतल्या दादांचे हात जोडलेले फ्लेक्स नाहीत. निवडणूक आल्याचं कानांना कळतच नाही, डोळ्यांनी शोधावं लागतं. मी सायकल थांबवून फळीवरचे हसरे चेहरे बघत राहिले. मार्चचं कोवळं ऊन होतं, गवतात जांभळी फुलं आली होती, आणि माझ्या नाकात मात्र ओल्या, कुजत चाललेल्या पानांचा वास भरला होता. तो वास गेल्या शरदातल्या निवडणुकीचा.

इथली सरकारं अलीकडे मुदत पूर्ण करत नाहीत, त्यामुळे हा हंगाम आंब्यापेक्षा जास्त नेमानं येतो. पण तो शरद माझ्यासाठी वेगळा होता. दिवाळी नुकतीच झाली होती. डब्याच्या तळाशी चकलीचे तुकडे आणि चिवड्यातले जास्तीचे डाळे उरले होते. घड्याळं तासभर मागे गेली होती आणि संध्याकाळ चहाच्या वेळेलाच दारात येऊन उभी राहायची. दुकानांत डिसेंबरची मसालेदार बिस्किटं ऑक्टोबरातच मांडलेली. सायकलच्या चाकांना चिकटलेली पिवळी पानं घरात यायची आणि अभिजीत, माझा नवरा, रोज त्यांच्यावरून कुरकुरायचा. अशा एका ओल्या दुपारी टपालातून माझ्या नावाचं मतदानाचं पत्र आलं. नगरपालिकेला मी याआधी मत दिलं होतं, त्यासाठी इथे काही वर्षं राहिलेलं पुरतं. संसदेसाठी मात्र इथलं नागरिक व्हावं लागतं, आणि मी ती झाले होते.

झाले होते म्हणजे काय, ते वर्षभर आधी कळलं होतं. काउंटरवरच्या बाईंनी माझ्या निळ्या पासपोर्टवर रद्द झाल्याचा शिक्का मारला आणि पुस्तक मला परत दिलं, ठेवून घ्या म्हणाल्या आठवण म्हणून. चिंचवडला आईला फोनवर मी हे निम्मंच सांगितलं. तिकडे येताना व्हिसा काही लागणार नाही बरं का, ओसीआय कार्ड मिळतं, असं. तिकडच्या मतदार यादीतून माझं नाव जाणार, हे मला सांगवेना. आमच्या घरात मतदानाचं प्रस्थ मोठं होतं.

बाबा जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक, त्यामुळे निवडणुकीची ड्युटी ठरलेली. आदल्या दिवशी पेट्या, शिक्के, लाख, सुतळी घेऊन ते एसटीनं कुठल्यातरी गावी जायचे. उमेदवाराच्या माणसानं पाठवलेला चहासुद्धा घ्यायचे नाहीत, घरून नेलेल्या दशम्या खायचे. एकदा आल्यावर जेवताना त्यांनी सांगितलं होतं. दृष्टी गेलेली एक आजी सुनेचा हात धरून आली होती. शिक्का सुनेनं मारला. बाहेर पडताना आजीनं बाबांना विचारलं, मास्तर, मी सांगितलं त्यावरच मारला ना हिनं? ते बाबांना बघता येणार नव्हतं आणि आजी जागची हलत नव्हती. बाबा म्हणाले, हो आजी, तिथंच. हे सांगून ते बराच वेळ ताटातला भात चिवडत बसले. आपल्या तोंडून त्या दिवशी खोटं गेलं, हे त्यांना पुढे कितीतरी वर्षं टोचत होतं.

आता मार्सेला. ती कोलंबियातल्या काली शहरातली. वयानं माझ्याहून सात-आठ वर्षांनी मोठी, रुंद खांद्यांची, हसली की शेजारच्या टेबलावरचे वळून बघतात अशी. म्हाताऱ्या माणसांच्या घरी जाऊन त्यांना अंघोळ घालायची, कपडे चढवायचे, हे तिचं काम. आमची ओळख वाचनालयातल्या डच भाषेच्या मंगळवारच्या वर्गात झाली. मी तेव्हा नवऱ्यामागून आलेली, कागदोपत्री ‘डिपेंडंट’, दिवसभर खिडकीतून कालव्यातली बदकं मोजणारी. एके दिवशी उपास होता म्हणून डब्यात साबुदाण्याची खिचडी होती. मार्सेलानं एक चमचा तोंडात टाकला, डोळे मिटले आणि म्हणाली, हा तर आमचा युका. तिच्या आजीच्या परसातला तो कंद म्हणजेच आमच्या एकादशीचा साबुदाणा, हे त्या दिवशी दोघींनाही कळलं. तेव्हापासून आम्ही मैत्रिणी. माझं नाव मंजिरी, पण तिच्या भाषेत ज चा ह होतो, म्हणून मी तिची मान्हिरी. आमचं सगळं बोलणं डचमध्ये, दोघींच्याही मोडक्या, आणि म्हणूनच बहुधा आम्ही कधी एकमेकींशी फार गोड बोललो नाही. गोड बोलायला शब्द जास्त लागतात.

अमेरिकेतल्या निवडणुकांच्या दिवसांत टीव्हीवर सारखं लॅटिनो मतं, लॅटिनो मतं चालायचं. कुणाकडे झुकली, कुणापासून सुटली. आपल्याकडे ‘मतपेढी’ म्हणतात ना, तसंच. मार्सेलाला त्याचं हसू यायचं. ती म्हणायची, आम्ही लॅटिनो अमेरिकेत पोचल्यावर होतो, घरी असतो तोवर मी कालीची आणि शेजारीण पास्तोची आणि आमचं एकमेकींशी मुळीच पटत नाही. तिची मावशी फ्लोरिडात, चुलतभाऊ लॉस एंजेलिसमध्ये, सख्खा भाऊ एर्नान टेक्ससमध्ये. तिघांची मतं तीन दिशांना. फॅमिली ग्रुपवर नाताळच्या शुभेच्छांमध्येसुद्धा भांडणं. एर्नानचा तिथे घरांवर छपरं घालायचा धंदा आहे. त्यानं गेल्या वेळी कडक सीमावाल्यांना मत दिलं होतं, आणि त्याचं त्याला काही लपवायचं नव्हतं. लाकडाचे भाव, अंड्यांचे भाव, चर्चमधल्या मंडळींचं मत, मुलींच्या शाळेजवळची सुरक्षितता, आणि वर एक राग. मी रांगेत उभा राहिलो, वकिलाची फी भरली, बारा वर्षं थांबलो, आता ज्यांनी रांग मोडली त्यांच्यासाठी मी का रडू?

हे ऐकून मला तेव्हा आश्चर्य वाटायचं. आता वाटत नाही. माणूस स्वतः बाहेरून आला म्हणजे तो बाहेरून येणाऱ्यांच्याच बाजूनं मत देईल असं धरणं म्हणजे सासुरवास सोसलेली सून पुढे प्रेमळ सासू होईल असं धरण्यासारखं आहे. होतातही काही. आणि आम्ही तरी कोण लागून गेलो? आमच्या इथल्या मराठी मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर, मोदकांच्या ऑर्डरी आणि सेकंडहँड सायकलींच्या मधोमध, कुणीतरी लिहिलं होतं की आपण टॅक्स भरणारे, कायदेशीर आलेले, आपल्याला त्या निर्वासितांच्या पंगतीत बसवू नका. वाचून मीही अंगठा दिला होता. दिल्यावर विचार केला, आधी नाही. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, हे काय फक्त मुलांच्या बाबतीतच असतं थोडंच.

मतदानाला आठ-नऊ दिवस होते तेव्हा मार्सेला सायकलवरून पडली. मेट्रोजवळच्या वळणावर पानांचा लगदा झाला होता, चाक घसरलं आणि घोटा मोडला. ऑपरेशन होऊन ती घरी आली तेव्हा मी भेटायला गेले. बैठकीच्या खोलीत तिची खाट टाकली होती. आतल्या खोलीत तिची मुलगी लुसिया आणि तिचा मित्र राहायचे. भाड्याच्या सरकारी घराच्या यादीत लुसियाचं नाव कितीतरी वर्षं होतं आणि नंबर काही लागत नव्हता. चोवीस-पंचवीस वर्षांची पोरगी आणि अजून शाळेतल्या पलंगावर झोपते, असं मार्सेला म्हणायची.

इथे आपलं मत दुसऱ्याच्या हाती देता येतं. मतदानाच्या पत्राच्या मागे दोघांनी सही करायची, ओळखपत्राची प्रत द्यायची, झालं. एका माणसाला अशी दोन मतं नेता येतात, मात्र स्वतःच्या मताबरोबरच द्यावी लागतात. पडद्याआड तुम्ही काय करता ते कुणी बघत नाही, पुढे कुणाला कळायचा मार्गही नाही. बाबांना हे सांगितलं असतं तर त्यांना भोवळ आली असती. आपल्याकडे ही सोय असती तर काय काय झालं असतं, या कल्पनेनं मीसुद्धा एकटीच हसले होते. पण इथे लोक सकाळी कुत्र्याला फिरवायला सांगावं तितक्या सहज शेजाऱ्याला मत टाकून ये म्हणतात. मार्सेलानं उशीखालून पत्र काढलं, मागे सही केली आणि माझ्यापुढे धरलं. मी सही केली. मग तिनं कुणाला ते सांगितलं.

तो पक्ष. येणाऱ्यांचा नळ बंद करू म्हणणारा. निर्वासित नकोत, परदेशी विद्यार्थी कमी, इंग्रजीतले अभ्यासक्रम कमी, बाहेरून येणाऱ्या नोकरदारांच्या सवलती कमी. त्याच आठवड्यात माझ्या भावाच्या मुलीनं, सानिकानं, आइंडहोवनच्या कोर्ससाठी अर्ज भरला होता. आत्या, तू आहेस म्हणून आई-बाबा हो म्हणाले, असं ती मला फोनवर म्हणाली होती. चिप बनवणाऱ्या यंत्रांवर तिला काम करायचं होतं. तिच्यासाठी मी वरची खोली रंगवायला काढली होती.

माझा चेहरा मला लपवता येत नाही. मार्सेला म्हणाली, रागावलीस. मी नाही म्हटलं. मग तिनं मला नीट समजावलं, एखाद्या म्हाताऱ्याला मोजे घालताना समजावते तसं. ती बोगोटाच्या वकिलातीत डच भाषेची परीक्षा देऊन आली होती. एकदा नापास झाली, तेव्हा नवरा इथे आणि ती तिथे, असे आठ महिने गेले. मला कुणी परीक्षा विचारली नव्हती. अभिजीतच्या कंपनीनं कागद केले आणि मी विमानात बसले. ती म्हणाली, तू लिफ्टनं आलीस, मी जिन्यानं आले, तरी मी तुझा राग केला नाही, पण आता लुसियाला जिन्यातसुद्धा जागा नाही.

मी विचारलं, लुसियालाच का नाही देत पत्र?

“लुसिया स्वतःचंच मत घालेल,” मार्सेला म्हणाली. “तू नाही घालणार.”

घरी येऊन मी ते पत्र फ्रिजवर चुंबकाखाली लावलं आणि चार दिवस त्याच्यासमोरून ये-जा केली. अभिजीतला सांगितलं तर तो हसायला लागला. म्हणाला, तुला हवं तिथे रंगव, कोण बघतंय. मग थोड्या वेळानं लॅपटॉपमधून मान वर न करता म्हणाला, तसं त्यांचं सगळंच काही चुकत नाही हां. आमची इरा तेरा वर्षांची. तिच्या शाळेत मुलांचं खोटं खोटं मतदान झालं होतं. मी मराठीत विचारलं, तू कुणाला दिलंस गं? तिनं डचमध्ये उत्तर दिलं की ते गुप्त असतं, आणि खोलीचं दार लावून घेतलं. तिच्यात आजोबा उतरले आहेत.

त्या चार दिवसांत मी स्वतःशी किती वाद घातले! मैत्रिणीचं मत तिच्याच भल्यासाठी बदललं तर ते पाप का? तो पक्ष उद्या तिच्याच मुलाबाळांना परकं म्हणेल, मग मी तिला वाचवते आहे असं नाही का होत? शाळा सुटल्यानंतरच्या ज्या पाळणाघरात मी काम करते, तिथे मुलांना सफरचंदाच्या फोडी करून देताना माझ्या डोक्यात हेच. एका फोडीबरोबर वाटायचं सानिका, दुसरीबरोबर वाटायचं मार्सेला. आपण प्रामाणिक आहोत हे सिद्ध करायची संधी आयुष्यात अशी सरळ समोर येते आणि तेव्हाच ती सगळ्यात नकोशी असते, हे मला चाळिशी उलटल्यावर कळत होतं.

मतदान शाळेच्या व्यायामशाळेत होतं. सकाळपासून भुरभुर पाऊस. आत ओल्या रेनकोटांचा आणि रबरी जमिनीचा वास, भिंतीला लावून ठेवलेल्या घोड्या, आणि टेबलामागे बसलेल्या तीन निवृत्त बायका. त्यांनी माझं ओळखपत्र पाहिलं, फोनमधला मार्सेलाच्या ओळखपत्राचा फोटो पाहिला, सह्या ताडल्या आणि दोन मतपत्रिका हातात दिल्या. इथली मतपत्रिका उलगडली की नेसता येईल एवढी असते. पडद्याआड दोरीला बांधलेली लाल पेन्सिल होती. ज्याला द्यायचं त्याच्या नावाशेजारचा पांढरा गोल तिनं भरायचा.

आधी मार्सेलाचं मत भरलं. तिनं सांगितलेल्या यादीतली तिनं सांगितलेली बाई. पेन्सिल गोलाला लावली आणि सानिकाच्या खोलीचा अर्धवट पिवळा रंग डोळ्यांपुढे आला. तरी भरला, काठाला पांढरं राहणार नाही असा नीट. मग माझं भरलं, दुसऱ्या टोकाच्या यादीत. दोन्ही घड्या घालून पेटीत टाकल्या. बाहेर आल्यावर सवयीनं डाव्या हाताचं बोट बघितलं. इथे शाई लावत नाहीत. आणि खरं सांगते, त्या पावसात सायकल चालवताना माझी छाती अभिमानानं भरून आली होती. आपण काय माणूस आहोत, असं मला वाटत होतं.

तीन वाजता मी खिचडीचा डबा घेऊन मार्सेलाकडे गेले. दार लुसियानं उघडलं आणि ती आत निघून गेली. मार्सेला भिंतीकडे तोंड करून पडली होती. डोळे सुजलेले. मला वाटलं पाय दुखतोय. मी खुर्ची ओढली आणि तिनं विचारायच्या आतच सांगून टाकलं की झालं, तू सांगितलंस तिथेच. आणि शाबासकीची वाट बघत बसले.

“खरंच?” तिनं विचारलं.

मी म्हटलं, अगदी. तशी तिनं पांघरूण तोंडावर ओढलं आणि ती रडायला लागली.

मला काही कळेना. हळूहळू तिनं सांगितलं. सकाळी सातला एर्नानचा फोन आला होता. त्याच्या धाकट्या मुलीच्या बाप्तिस्म्याला ज्यानं तिला कडेवर धरलं, तो रेने. पंधरा वर्षं एर्नानबरोबर छपरांवर चढणारा. त्याच्याकडे कागद नव्हते, हे सगळ्यांना माहीत होतं आणि त्यात कुणाला काही वाटत नव्हतं, कारण तो रेने होता. आदल्या दिवशी कामावर निघताना, गाडीत शिड्या चढवत असतानाच इमिग्रेशनवाले त्याला घेऊन गेले. एर्नान तिथेच उभा होता. फोनवर तो बहिणीला एकच वाक्य सारखं सांगत होता, मला वाटलं होतं ते दुसऱ्यांसाठी आहे.

मी विचारलं, मग मला फोन का नाही केलास? एक शब्द सांगितला असतास तर बदललं असतं.

“तीनदा हातात घेतला,” मार्सेला म्हणाली. “काय सांगू? आमच्या माणसाला पकडलं म्हणून आता माझं मत बदललं? म्हणजे दुसऱ्या कुणाच्या माणसाला पकडलं असतं तर मला चाललं असतं. लाज वाटली मला. तुला तो पक्ष आवडत नाही हे दिसत होतं. म्हणून दिवसभर पडल्या पडल्या म्हणत होते, आज मान्हिरी मला फसवेल, फसवू दे.”

खिडकीबाहेर नगरपालिकेचा माणूस पानं उडवायचं यंत्र चालवत होता. लुसिया दारात येऊन उभी राहिली आणि आईजवळ न येता तिथेच थांबली. ती रडत होती की नाही ते मला दिसलं नाही.

मार्सेलानं विचारलं, तुझं मत कुठे गेलं? मी सांगितलं. तिनं नाक पुसलं.

“मग एक तरी आहे,” ती म्हणाली, आणि मला डबा उघडायला सांगितलं.

मी खिचडी वाढली. ती उशीला टेकून खात राहिली. मला तिच्याकडे बघवत नव्हतं म्हणून मी खिडकीतून खालच्या रस्त्याकडे बघत होते. त्याच रस्त्यानं, त्याच दारावरून मी सकाळी मतदानाला गेले होते. सायकलचा वेगसुद्धा कमी केला होता. बेल वाजवून ‘अजून तेच ना?’ एवढं विचारायचं होतं. पण मला वाटलं, ती म्हणेल ही माझं मन वळवायला आली. मला तिच्या डोळ्यांत प्रामाणिकच दिसायचं होतं, म्हणून मी न थांबता पुढे गेले.